घाई टेबलावर, जीव दोरीवर

दुसऱ्या महायुद्धातल्या फसलेल्या यंत्रांची रील्स तुम्हीही पाहिली असतील. त्यात युंकर्स कंपनीचा ‘मॅमट’ ग्लायडर हमखास असतो. पंखांचा पसारा 62 मीटर, सगळा लाकडी, इंजिन नाही. चाचणीसाठी रणगाडा आत चढवला, तर तो तळ फोडून खाली! कमेंट्समध्ये हसण्याच्या इमोजींचा पाऊस. हसा की, पण कुणाला हसताय तेवढं बघा.

ऑक्टोबर 1940. ब्रिटनवरची स्वारी लांबणीवर पडली होती, तरी बेत सुटला नव्हता. रणगाडा किंवा तोफ घेऊन थेट शत्रूच्या मुलखात उतरेल असा ग्लायडर हवा, असं फर्मान जर्मनीत युंकर्स आणि मेसरश्मिट या दोन कंपन्यांना निघालं. आराखड्याला मुदत 14 दिवस. (आपल्याला जर्नल सबमिशनला याहून जास्त मिळतात.) वर युंकर्सला अट, सगळं लाकडात करा. ही कंपनी कोणती, तर 1915 मध्येच पूर्ण धातूचं विमान उडवणारी. सोनाराच्या हाती रंधा दिला आणि वर म्हणाले, लवकर कर!

एप्रिल 1941 मध्ये मॅमट उडाला. उडाला म्हणजे, त्याला ओढणाऱ्या विमानाच्याही वर गेला आणि त्या विमानाचीच शेपटी उचलू लागला. दोरी सोडावी लागली, ग्लायडर कुठल्याशा शेतात उतरला. लवकरच प्रकल्प गुंडाळला आणि लाकडाचं सरपण झालं.

तुम्ही म्हणाल, मेसरश्मिटनं त्याच 14 दिवसांत जमवलंच ना? जमवलं. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड आणि लाकूड चढवून त्यांनी ‘गिगांट’ केला, 200च्या आसपास बनलेही. पण हे 55 मीटर पंखांचं धूड ओढायचं कशानं? एका विमानाला झेपेना, म्हणून तीन मेसरश्मिट 110 शेजारी-शेजारी उडत, तीन दोऱ्यांनी एकच ग्लायडर ओढायची. शिवाय उड्डाणाला जोर म्हणून पंखांखाली रॉकेटं. एक रॉकेट पेटलं नाही किंवा तिघांतला एक पायलट जरा चुकला, की चौघेही गोत्यात. असे अपघात झाले, माणसं मेली. नंतर तर दोन हाइंकेल 111 एकमेकांना जोडून, मध्ये पाचवं इंजिन बसवून, ओढायला वेगळंच विमान तयार केलं. जुगाड आपलाच असतो असं कोण म्हणतं?

इंजिनिअरांना येडं ठरवणं सोपं आहे. मला विचाराल तर दोष मुदत ठरवणाऱ्यांचा. त्यांना त्या दोरीच्या टोकाला बसायचंच नव्हतं. तसलं रील पुन्हा दिसलं तर कमेंटमध्ये एवढंच विचारा, तारीख कुणी ठरवली होती?

पहिल्याच उड्डाणानंतर गिगांटच्या चाचणी पायलटनं सांगितलं होतं, कंट्रोल फार जड आहेत. तरी पहिली आवृत्ती एका पायलटचीच निघाली. दुसऱ्यासाठी कॉकपिट रुंद झालं ते पुढच्या आवृत्तीत. तोवर एकटाच माणूस दोन्ही हातांनी ते धूड सावरायचा, आणि त्याच्या मागे शंभरावर सैनिकांची जागा होती.