ऋतू ओळखायला शिकवणारी पुस्तकं

‘पर्यावरण वाचवा’ अशी पाटी वाचून कुणी घरून कापडी पिशवी नेल्याचं ऐकिवात नाही. चांगलं पुस्तक मात्र नकळत सवय लावून जातं. १९६२ साली आलेल्या रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ने अमेरिकेत असं काहूर उठवलं, की १९७२मध्ये तिथे शेतीत डीडीटी हे कीटकनाशक वापरण्यावर बंदी आली. आपल्याकडे दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ त्याही आधीचं, १९५६चं. त्यात उपदेश नाही; चैत्रापासून एकेक महिना डोळे भरून पाहिलेला आहे. ही नजर आली की बाजारही वेगळा दिसतो. पावसाच्या तोंडावर ठाणे-कल्याणकडे आदिवासी बाया शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. ती खाऊन घसा खवखवू नये म्हणून सोबत काकडं ही फळंही देतात. ना खत, ना शीतगृह, ना प्लॅस्टिकचं वेष्टन. ऋतू ओळखणारा त्यांच्यापाशी थांबतो. बाकीचे बारमाही फ्लॉवर घेऊन पुढे जातात. शाळांनी पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी थर्माकोलची झाडं करून घेण्यापेक्षा मुलांच्या हाती असं एखादं पुस्तक द्यावं आणि मग त्यांना भाजीबाजारात न्यावं.