‘समाजाधारित’ म्हणजे कुणाच्या आधारावर?

पुनर्वसन संस्थेत नको, माणसाच्या घरी, वस्तीत व्हावं, हे मलाही पटतं. पण हा ‘समाज’ म्हणजे नेमकं कोण, ते आधी विचारू या.

ब्रिटनचंच पाहा. अपंग नातेवाइकाची आठवड्याला निदान ३५ तास काळजी घेणाऱ्यांसाठी तिथे १९७६ साली भत्ता सुरू झाला. पुरुषांना मिळे, एकट्या स्त्रियांना मिळे. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईला नाही. ती काय, घरीच असते ना! जॅकलिन ड्रेक यांनी आजारी आईसाठी नोकरी सोडली, भत्ता नाकारला गेला, तेव्हा त्या युरोपीय न्यायालयापर्यंत भांडल्या. १९८६ मध्ये जिंकल्या.

पुढे १९९० चा ‘कम्युनिटी केअर’ कायदा आला. पक्षाघाताचा रोगी आता लवकर घरी येतो. फिजिओथेरपिस्ट येते, व्यायाम दाखवते, जाते. उरलेला दिवस उचलणं, अंघोळ, शौच, रात्री कूस बदलणं हे बहुतेकदा बायकोकडे नाहीतर लेकीकडे. रुग्णालयाच्या हिशेबात मात्र खर्च ‘वाचलेला’ असतो.

इथवर आपण सगळ्याजणी माना डोलावतो. पण जेनी मॉरिस या अपंग स्त्रीवादी लेखिकेने १९९१ मध्ये आपल्यासारख्यांनाच धारेवर धरलं: तुम्ही काळजी घेणारीच्या बाजूने लिहिता, जिची काळजी घेतली जाते तीही बाईच असते, हे विसरता. मला ते झोंबलं. मीही अशा घरात गेल्यावर आधी सुनेशीच बोलत आले आहे.

अपंगांच्या चळवळीने तिथे भत्ता वाढवून मागण्यावर भागवलं नाही. मदतनीस आम्हीच नेमू, पैसे आमच्या हाती द्या, असं म्हटलं. १९९६ च्या कायद्याने ती वाट उघडली. आपल्या मागणीपत्रात हे कलम अजून नाही. पुढच्या बैठकीत ते घालावं, आणि मदतनिसाच्या पगाराचा आकडाही त्यातच लिहावा.