वॅटचा आकडा आणि सासूबाईंचे कान

मैत्रिणींनो, गेली दोन वर्षं आमच्या घरी एक गोष्ट रोज घडत होती आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. रात्री जेवणं आटोपून सगळे टीव्हीपुढे बसले, की पाच-दहा मिनिटांत सासूबाई उठून आतल्या खोलीत जायच्या. आम्ही समजत होतो, वय झालं, मन उडालं असेल. मागच्या दिवाळीत मीच म्हटलं, "आई, बसा ना, आज चांगला भाग आहे." तर म्हणाल्या, "अगं, माणसं नुसते ओठ हलवतात. तुम्ही हसलात की मी हसते. असं किती वेळ हसायचं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. खोटं कशाला सांगू, "आई, केवढा हा आवाज!" म्हणून त्यांच्या हातातून रिमोट घेणारी मीच होते.

म्हणून आजचा विषय एरवी पुरुषमंडळींचा समजला जातो तो. होम थिएटरचा रिसीव्हर निवडायचा कसा आणि घरी मांडायचा कसा. आमच्या ह्यांच्या मनात ते यंत्र क्रिकेटसाठी आणि मारामारीच्या सिनेमांसाठी कधीचंच होतं. माझ्या मनात ते आलं सासूबाईंमुळे. आणि भिशीचे ३५ हजार माझ्या नावावर लागले होते, तेव्हा निवडीत माझा शब्द चालणार हे उघडच होतं.

पण आधी दुकानात नाही, कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. हे मी मुद्दाम सांगते. डॉक्टरांनी तपासणी करून आम्हाला नीट समजावलं. वयोमानानं आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. पण स, श, फ, थ अशी अक्षरं गळतात. म्हणजे 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत' ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार अगदी खरी असते. हट्ट नसतो तो. श्रवणयंत्र सुचवलं, ते घेतलंही. समोरासमोर बोलताना त्याचा फार उपयोग होतो. टीव्हीपुढे मात्र बोलणं, मागचं संगीत आणि पंख्याची घरघर सगळंच सारखं मोठं होतं, असं सासूबाईंचं म्हणणं.

दोष टीव्हीचाही आहेच. हल्लीचे टीव्ही पातळ, त्यांचे स्पीकर इवलेसे, आणि तेही खाली किंवा मागे भिंतीकडे तोंड केलेले. शिवाय आमचं घर खुलताबादेतलं जुनं, दगडी भिंती आणि खाली शहाबादी फरशी. आवाज भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतो. इथून चार-पाच किलोमीटरवर वेरूळ आहे. तिथल्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात, कधी उभ्या राहिला असाल तर आठवा. एक 'ॐ' म्हटला की तो किती वेळ त्या कमानीखाली घुमतो! अंगावर काटा येतो. पण तिथेच कुणी भरभर गोष्ट सांगू लागलं तर एक वाक्य धड कळणार नाही, कारण पहिला शब्द विरण्याच्या आत दुसरा त्यावर येऊन पडतो. आमच्या बैठकीत लहान प्रमाणात हेच चाललं होतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी मी दोन बिनखर्ची गोष्टी केल्या. फरशीवर जाड सतरंजी अंथरली आणि खिडक्यांना जुन्या चादरींचे दुहेरी पडदे शिवून लावले. टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर सासूबाईंच्याच हातची एक गोधडी टांगली. फरक लगेच जाणवला. पुरेसा नव्हे, पण जाणवला.

आता रिसीव्हर म्हणजे काय? पंगतीतला वाढपी समजा. स्वयंपाक त्याचा नाही आणि जेवणारेही निराळे. सेटटॉप बॉक्स, टीव्ही, मोबाइल असा कुठूनही आलेला आवाज तो घेतो, त्यातलं कुणाच्या पानात काय जायचं ते ओळखतो, आणि ताकद देऊन त्या त्या स्पीकरला वाढतो. '५.१' म्हणतात ते एवढंच: समोर डावा आणि उजवा, मध्ये एक, बाजूला किंचित मागे दोन, असे पाच स्पीकर, आणि तो '.१' म्हणजे फक्त घुमारा काढणारा सबवूफर. सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. मला हे कळलं तेव्हाच माझी निवड झाली. आपल्याला हवा तो हा मधला!

दुकानात मात्र कुणी मधल्याचं नाव काढीना. आम्ही दौलताबादचा घाट उतरून संभाजीनगरला गेलो. एका दुकानात विक्रेत्यानं आम्हाला बसवलं, एक विमान डोक्यावरून गेल्याचा आवाज काढून दाखवला आणि म्हणाला, "ताई, हजार वॅट! अख्खी गल्ली हलेल." हे खूश. मी म्हटलं, "गल्ली हलवायची नाहीये, बातम्या ऐकायच्यात. बातम्या लावा." बातम्या लावल्या तर निवेदिका माठात तोंड घालून बोलल्यासारखी वाटली.

वॅटच्या आकड्याबद्दल एकदा नीट समजून घ्या, कारण फसगत तिथेच होते. 'पीएमपीओ' म्हणून लिहिलेला आकडा तर वाचूच नका, त्याला काही अर्थ नाही. खरा आकडा 'आरएमएस', आणि तोही कसा मोजलाय ते खाली बारीक अक्षरांत असतं. एकच स्पीकर चालवून, एकाच पट्टीचा सूर लावून, दहा टक्के बिघडलेला आवाज चालवून घेतला, तर त्याच यंत्राचा आकडा खूप मोठा दाखवता येतो. दोन स्पीकर एकदम चालवून, ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० हजार हर्ट्झपर्यंत मोजलेला आकडा विचारा. तो लहान असेल, पण प्रामाणिक असेल. आणि दुसरं, कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. ५० च्या जागी १०० घेतले तर जेमतेम जाणवेल एवढाच फरक. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

ओहमचंही एक बघायचं. रिसीव्हरच्या पाठीमागे किती ओहमपर्यंतचे स्पीकर चालतील ते छापलेलं असतं, त्यापेक्षा कमी ओहमचे जोडले तर यंत्र तापतं. याहून अधिक खोलात जायची आपल्याला गरज नाही.

"मग साउंडबार का नाही घेतला?" असं माझ्या शाळेतल्या बाईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. भाड्याचं घर असेल, खोली लहान असेल, तारांचा पसारा नको असेल, तर साउंडबारच घ्यावा, फक्त '३.१' लिहिलेला घ्यावा, त्यात बोलण्यासाठी मधला स्पीकर स्वतंत्र असतो. मी रिसीव्हर घेतला तो काटकसरीच्या हिशेबानं. आपण भांड्यांचा संच एकदम घेत नाही, एकेक भांडं चांगलं पाहून घेतो, तसं यात जमतं. आज तीन स्पीकर, पुढच्या वर्षी मागचे दोन. एखादा बिघडला तर तेवढाच बदलायचा.

यामाहा, डेनॉन, सोनी अशी नावं दुकानात ऐकाल. नावापेक्षा तीन गोष्टी तपासा: एचडीएमआयची भोकं आपल्याला पुरतील एवढी आहेत ना, त्यातल्या एकावर 'एआरसी' लिहिलंय ना, आणि खोली मोजायचा छोटा माइक सोबत मिळतो ना. त्या माइकबद्दल पुढे सांगते.

यंत्रावर 'डॉल्बी' लिहिलेलं असतं, ते रे डॉल्बी या अमेरिकन गृहस्थांचं आडनाव. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून आपल्याकडे चंदीगडला होते आणि १९६५ सालीच लंडनला त्यांनी कंपनी काढली. टेपची खरखर कमी करण्याच्या युक्तीनं त्यांचं नाव झालं. आमच्या चिरंजीवांना हे सांगितलं तर त्यांना ती कुठल्याशा मोबाइलची कंपनी वाटत होती.

घरी आल्यावर जोडणी आम्हीच केली. आधी प्लग काढून ठेवायचा, मगच तारांना हात लावायचा. लाल तार लालला, काळी काळ्याला. एका स्पीकरची उलट लागली तर यंत्र बिघडत नाही, पण आवाजातला भरीवपणा जातो आणि बोलणं कुठून येतंय तेच कळत नाही. तारेचा एखादा सुटा केससुद्धा शेजारच्या तारेला टेकता कामा नये. टेकला तर यंत्र आपोआप बंद पडतं. मी तारांची टोकं वातीसारखी वळून घेतली. सेटटॉप बॉक्सची तार रिसीव्हरला, आणि रिसीव्हरच्या 'आउट'मधून निघालेली तार टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या भोकातच. दुसऱ्या भोकात घातली तर चित्र दिसतं, पण टीव्हीतल्या सिनेमाचा आवाज परत येत नाही. आमची एक संध्याकाळ यातच गेली.

मधला स्पीकर टीव्हीच्या अगदी खाली, फळीच्या काठाशी, तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे थोडं वर करून ठेवायचा. खाली दोन पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या की झालं. शोकेसच्या आत खोल ढकलू नका, आवाज कोंदटतो. आणि रिसीव्हरवर क्रोशाचा रुमाल घालायचा नाही! मला माहीत आहे, हात शिवशिवतात. पण त्याच्या डोक्यावरच्या फटींतून उष्णता बाहेर पडते. वर वीतभर जागा मोकळी ठेवा, फुलदाणी तर मुळीच नको. विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवायचा.

सबवूफर मी घेतला नाही. आमची एक भिंत शेजारच्या आपांच्या घराशी सामाईक आहे, त्यांची मुलगी यंदा दहावीला. घुमाऱ्याचा आवाज भिंतीतून सहज पलीकडे जातो. सबवूफर नसेल तर सेटिंगमध्ये तो 'नाही' म्हणून सांगावं लागतं, म्हणजे त्याच्या वाटणीचं समोरच्या दोघांच्या पानात पडतं. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी, आणि कोपऱ्यात ढकलू नये.

आता तो माइक. नेहमी जिथे बसतो तिथे कानाच्या उंचीवर ठेवला की रिसीव्हर एकेका स्पीकरमधून विचित्र सूर काढतो आणि खोलीचं माप घेतो. तेवढा वेळ घरात चिडीचूप हवं. पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्यांदा श्रावणातला शनिवार निघाला. भद्रा मारुतीला चालत येणाऱ्यांची गर्दी दारावरून चाललेली, तिथे कसली शांतता! शेवटी मंगळवारी दुपारी, पंखा बंद करून, काम झालं. माइक मी सासूबाईंच्या खुर्चीवर ठेवला. हे म्हणाले, "अगं, मध्ये सोफ्यावर ठेव." मी म्हटलं, "अहो, ऐकायचं कुणाला आहे?"

एवढं करूनही पहिले दोन दिवस सासूबाई म्हणत होत्या, "आवाज गोड आहे गं, पण शब्द तसेच." मी हिरमुसले. ३५ हजार डोळ्यांपुढे दिसू लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी एकटी असताना मधल्या स्पीकरला कान लावला, तर तो मुकाच! दोष कशात होता सांगू? आमच्या सेटटॉप बॉक्समधून मालिकांचा आवाज डावा-उजवा असा दोनच पदरी येतो. रिसीव्हर 'स्टीरिओ'वर असला की तो आवाज तो इमानेइतबारे डाव्या-उजव्यालाच देतो, मधल्याच्या पानात काहीच पडत नाही. रिमोटवरचं 'सराउंड'चं बटण दाबून 'डॉल्बी सराउंड' निवडलं, आणि सगळं बोलणं टाळी वाजवल्यासारखं मध्ये आलं. मग सेटिंगमध्ये जाऊन एकट्या मधल्याची पातळी तीन अंकांनी वाढवली. 'नाईट मोड' म्हणून एक सोय असते, त्यानं धाडधूड दबते आणि कुजबुज वर येते, तीही चालू केली. ज्यांनी ज्यांनी यंत्र घेऊन ठेवलंय आणि 'काही फरक नाही' म्हणून कुरकुरताहेत, त्यांनी आज रात्री मधल्या स्पीकरला कान लावून बघा.

त्या रात्री सासूबाई मालिका संपेपर्यंत बसल्या. मध्येच म्हणाल्या, "ही नटी तोंडातल्या तोंडात बोलते, हिला कुणी काम दिलं?" म्हणजे शब्द पोचत होते. रविवारी 'सैराट' लावला होता. २०१६ च्या त्या चित्रपटाच्या गाण्यांचा वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेला आहे, तो ह्यांना ऐकायचा होता. आवाज चढवायला त्यांनी रिमोट उचलला तर आई म्हणाल्या, "अरे, कमी कर. शेजारची पोर अभ्यासाला बसली असेल."

रिमोट आता त्यांच्या खुर्चीच्या हातावरच असतो. मागचे दोन स्पीकर येत्या दिवाळीला घ्यायचेत. त्यांच्या तारा भिंतीच्या कडेनं नेऊन पट्टीखाली झाकायच्या, आणि ते घराला रंग देण्याआधी करायचं की नंतर, यावर सध्या आमच्याकडे वाद चालू आहे.