दोन दगडांच्या हद्दीवरची पायवाट

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा नवा जिल्हा झाला. परंतु भूविज्ञानाच्या ग्रंथांत सौंसरचे नाव शतकभरापासून रूढ असून, मध्य भारतातील मॅंगनीजयुक्त प्राचीन खडकांच्या एका मोठ्या गटाला ‘सौंसर समूह’ असेच म्हटले जाते. भूवैज्ञानिक लुईस फर्मोर यांनी १९०९ च्या आपल्या बृहद्‌ग्रंथात या मॅंगनीज खडकांचे सविस्तर वर्णन केले आणि गारगोटी व मॅंगनीजयुक्त गार्नेट यांनी बनलेल्या खडकाला येथील गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले.

मुलाबाळांसह डोंगरात पायी हिंडणाऱ्यांना या प्रदेशाचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाटावे. स्थूलमानाने पाहता पांढुर्ण्याकडची भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांची, म्हणजे बेसाल्टची आहे, तर सौंसर–रामाकोन्याकडे त्या थरांखालचे, कितीतरी पटींनी जुने खडक उघडे पडलेले आहेत. त्यांत पट्टिताश्म, म्हणजे प्रचंड उष्णता व दाब यांमुळे ज्यातील खनिजे पट्ट्यापट्ट्यांनी मांडली गेली असा ग्रॅनाइटसारखा खडक, ठळकपणे दिसतो. ओल्या शिळेवर हात ठेवून मुलाने नीट निरखले, तर फिकट आणि गडद पट्टे एकमेकांना लगटून वळसे घेत गेलेले दिसतात व अभ्रकाचे कण उन्हात चमकतात. याउलट बेसाल्टचा तुकडा काळपट, बारीक कणांचा, आणि पुष्कळदा वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या लहान पोकळ्यांत पांढरी खनिजे साठलेला असतो.

अमेरिकेतील योसेमिटीसारखे ग्रॅनाइटचे उंच घुमट येथे नाहीत. खोल जमिनीत घडलेल्या ग्रॅनाइटवरचे ओझे झिजून गेले की तो वरच्या बाजूने प्रसरण पावतो आणि त्याचे थर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटू लागतात, असे स्पष्टीकरण भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १९०४ मध्ये तेथील घुमटांविषयी मांडले. ओझे उतरण्याची ही गोष्ट रामाकोन्याच्या परिसरालाही लागू आहे, कारण आज पायाखाली असलेले तेथील काही खडक एके काळी भूकवचात फार खोलवर भाजून निघालेले आहेत. घुमट नसला तरी त्यामागची क्रिया येथे समजावून सांगता येते, आणि मुलांच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे.

धबधब्यांसाठी मात्र दूर जाण्याचे कारण नाही. रामाकोना आणि उमरानाला यांच्या दरम्यान, सिल्लेवानीच्या डोंगररांगेत, सुमारे साठ फुटांचा कुकडीखापा धबधबा आहे. पांढुर्णा–मोहखेड मार्गाजवळ नारायणघाट येथे कन्हान नदीवर लिलाही धबधबा आहे. दोन्ही पावसाळ्यात भरात असतात, पण कुटुंबाने जाण्याचा योग्य काळ पाऊस ओसरल्यानंतरचा, म्हणजे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा होय, कारण तेव्हा पाणी असते, वाट वाळलेली असते आणि पुढे आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणीही सुरू होते. भर पावसात शेवाळलेली शिळा मोठ्या माणसालाही दगा देते, आणि वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही प्रवाह अचानक फुगतो. म्हणून मुलांना काठाच्या शिळेवर उभे करून छायाचित्र काढण्याचा मोह सर्वथा टाळावा. पाणी गढूळ होऊ लागले किंवा त्यात काटक्या-पालापाचोळा वाहत आला, तर सामान गोळा करण्यात वेळ न दवडता आधी पात्राबाहेर पडावे.

सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमानाच्या दर्शनाला अनेक कुटुंबे येतातच. त्याच प्रवासाला डोंगरातील अर्ध्या दिवसाची चाल जोडणे अवघड नाही. नव्या जिल्ह्याच्या प्रशासनाने या वाटांवर दिशाफलक, धोक्याच्या काठाला कठडे आणि पायाखालचा दगड कोणता हे मराठी व हिंदीत सांगणारे फलक अवश्य लावावेत. तोपर्यंत पालकांनी गावातील जाणकार माणसाला सोबत घेऊनच मुलांना या वाटांवर न्यावे.