पाटीवर न चढणारे काम

आपल्या बैठकांत आयटीतल्या मुलींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "त्यांना काय कमी आहे? एसीत बसतात, पगार घेतात, न्यायला-आणायला गाडी असते." चाकणच्या कंत्राटी कामगार बाईचा प्रश्न खरा आणि तळवड्यात संगणकापुढे बसणारीचा प्रश्न लाडाचा, अशी विभागणी आपण मनातल्या मनात करून टाकली आहे. ही विभागणी चुकीची आहे, आणि ती मालकांच्या सोयीची आहे.

देहूच्या नव्या सोसायट्यांतून रोज तळवडे-हिंजवडीकडे निघणाऱ्या अनेक मुली ज्या पद्धतीने काम करतात तिला 'अजाइल' म्हणतात. मोठे काम बारीक तुकड्यांत मोडायचे. एकेक तुकडा एकेका चिठ्ठीवर लिहायचा. पाटीवर तीन खण: करायचे, चालू, झाले. बहुधा दोन आठवड्यांचा एक 'स्प्रिंट'. रोज पंधरा मिनिटांची उभ्याने बैठक: काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले. चिठ्ठीला अंदाजाने गुण द्यायचे, त्यांना 'स्टोरी पॉइंट' म्हणतात. स्प्रिंट संपताना पूर्ण झालेल्या गुणांची बेरीज म्हणजे टीमचा वेग. पूर्वी भिंतीवर कागद चिकटवत. आता पाटी संगणकात असते आणि साहेबाला कुठूनही दिसते.

चिठ्ठीची ही युक्ती मुळात कारखान्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये टोयोटाच्या मोटार कारखान्यात ताइची ओनो यांनी 'कानबान' बसवले: पुढच्या टप्प्याने चिठ्ठी पाठवल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत हे कानबान कार्ड आजही फिरते. म्हणजे चाकणची बाई आणि तळवड्याची मुलगी एकाच पाटीच्या दोन टोकांना उभ्या आहेत. मग त्यांना वेगळे काढणाऱ्या आपण कोण?

पद्धत वाईट आहे असे मी म्हणत नाही. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा तज्ज्ञांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. सतराही पुरुष. तरी त्यातली तत्त्वे आपल्याला पटण्याजोगी आहेत: साधनांपेक्षा माणसे महत्त्वाची, टीमने स्वतःचे काम स्वतः आखावे, कामाची गती अशी असावी की ती कायम झेपेल. माझे भांडण आहे ते या वचनाचे पुढे जे झाले त्याच्याशी.

अंदाज म्हणून सांगितलेला आकडा दुसऱ्या दिवशी शब्द दिल्यासारखा धरला जातो. टीमला स्वतःसाठी हवा असलेला हिशेब वार्षिक मूल्यमापनात एकेकीच्या नावापुढे मांडला जातो. गुणांची कल्पना ज्यांच्याकडे जाते ते रॉन जेफ्रीज त्या सतरांपैकीच एक. पुढे 2019 मध्ये त्यांनीच या गुणांच्या गैरवापराबद्दल खेद व्यक्त केला. साहेबांपर्यंत तो खेद पोचलेला दिसत नाही.

आणि यात मार कोण खाते? पाटीवर चढते ते लिहिलेले आणि तपासलेले काम. नव्या मुलाला शिकवणे, बैठकीचे टिपण काढणे, चिडलेल्या ग्राहकाला शांत करणे, दोघांचे भांडण मिटवणे, निरोप समारंभाचा केक आणणे यांची चिठ्ठी नसते. ही कामे कोणाकडे येतात हे, मैत्रिणींनो, मी सांगायला हवे का? "तुला छान जमते" म्हणून ती बाईच्या गळ्यात पडतात. वर्षअखेर तिचे गुण कमी भरतात आणि तिला सांगितले जाते की तुझा वेग कमी आहे.

भंडारा डोंगरावर तुकोबांसाठी भाकरी घेऊन चढणाऱ्या जिजाईची आठवण देहू आजही काढते. पण डोंगर ओळखला जातो तो तुकोबांच्या चिंतनासाठी. त्या चढणीचे श्रम आपल्या परंपरेने कधी मोजले? आजची पाटीही तेच करते.

त्यात घर आहेच. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात जातात, पुरुषाची 97. "पाटी सगळ्यांना सारखीच" असे म्हणणारे ही 200 मिनिटे विसरतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे 9:30 वाजलेले असतात, हिवाळ्यात 10:30. पोराला झोपवायच्या वेळी ती त्या 'पंधरा मिनिटांच्या' बैठकीला कानात हेडफोन घालून हजर असते. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री 9:30 नंतर बाईकडून काम घ्यायचे तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था आवश्यक केली. घरून घेतलेल्या या बैठकीसाठी संमती कोण विचारते? उलट सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने याच कायद्यातली रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 तास करण्यास मंजुरी दिली. तो दहावा तास कोणाच्या स्वयंपाकघरातून काढला जाणार आहे?

म्हणून मागण्या स्पष्ट मांडू या. एक, गुण आणि वेग हा टीमचा हिशेब. तो कोणाच्याही पगारवाढीच्या कागदावर येता कामा नये. दोन, शिकवणे, टिपणे, सांभाळणे यांच्याही चिठ्ठ्या पाटीवर लागल्या पाहिजेत आणि ही कामे पाळीपाळीने सगळ्यांनी, पुरुषांनीही, करावीत. तीन, रात्रीची बैठक हे कामच आहे. तिचे तास मोजून दुसऱ्या दिवशी वजा व्हावेत. चार, स्प्रिंट आखताना रजा, आजारपण, गरोदरपण धरूनच टीमने किती काम घ्यायचे ते ठरवावे, आणि तो आकडा वरून वाढवला जाऊ नये. यातली बहुतेक मागणी जाहीरनाम्याच्या शब्दांतच बसते, त्यामुळे "पद्धतीत बसत नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

आपल्या गटांनीही हलायला हवे. पुण्यात 'नाइट्स'सारखी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे. तिच्याशी बोलू या. संध्याकाळी सहाच्या आपल्या बैठका या मुलींना जमत नाहीत. रविवारी सकाळी देहूच्या सोसायट्यांत जाऊन भेटू या. त्या बैठकीला चाकणच्या कामगार बायांनाही बोलावू या. आठवड्याभरात केलेले पण कुठेच न लिहिलेले प्रत्येक काम दोघींनी एकाच कागदावर लिहावे. तो कागद वाचला की लाडाचा प्रश्न कुणाचा, हे वेगळे सांगावे लागणार नाही.