शेंदूर परवडला, फरशी नको
किल्ला पाहायला आलेला माणूस पायथ्याच्या गावातल्या देवळामागे सहसा डोकावत नाही. तिथे पिंपळाच्या पारावर चार-दोन कोरीव दगड टेकवून ठेवलेले असतात. अलीकडे मात्र केवळ त्यांच्यासाठी वाट वाकडी करणारे हौशी भटके वाढले आहेत. लढाईत पडलेल्या वीरांचे वीरगळ, सती गेलेल्या स्त्रियांच्या सतीशिळा त्यांना हव्याच असतात. जमिनीचे दान मोडणाऱ्याला शाप देणारा गधेगळ दिसला तर दिवस सार्थकी लागतो.

हे दगड ओळखायला पदवी लागत नाही. वीरगळ खालून वर पाहायचा. तळाशी लढाई, कधी शेजारी गाई, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या टप्प्यात शिवलिंगाची पूजा. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांची जहाजे कोरली आहेत. समुद्रावरची लढाई पाहायला मुंबईकराला लोकलचे तिकीट पुरते. गधेगळावर वर चंद्रसूर्य, खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी, तीही चित्रासकट! अलिबागजवळच्या आक्षीचा असा लेख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा असल्याचे वाचन आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जाणारा हा दगड वर्षानुवर्षे रस्त्याकडेला उघड्यावर उभा होता.

असा दगड दिसला की ‘शोध लागला’ अशी बातमी येते. गावातल्या आजीबाई त्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणी घालत आल्या आहेत, हे बातमीत नसते. अभ्यासू मंडळी शेंदरावर चिडतात, पण देव मानला म्हणूनच कित्येक दगड जागेवर राहिले. खरा धोका जीर्णोद्धाराचा आणि रस्तारुंदीकरणाचा. नवी फरशी बसते, जुना दगड भरावात जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून या छंदात फोटोपेक्षा नोंद मोलाची. दगड नेमका कुठे आहे, त्याचे तोंड कोणत्या दिशेला, उंची-रुंदी किती, गावकरी त्याला काय म्हणतात, हे लिहायला पाच मिनिटे लागतात. अक्षरे उठावीत म्हणून खडू घासू नये; बॅटरीचा उजेड तिरपा पाडला की पुरे. आणि दगड उचलून अंगणात आणणे म्हणजे सरळ चोरी. गधेगळ दान दिलेल्या जमिनीबद्दल बोलतो. ती जमीन सुटली की त्याची अर्धी साक्ष गेली.

मुंबईतले सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचे अंतर सांगणारे ब्रिटिशकालीन मैलाचे दगडही असेच पदपथांच्या थरांखाली बुजत गेले. पुढे त्यांतले काही वर काढून सावरले गेले, ते कुणीतरी चिकाटीने माग काढला म्हणूनच.

सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न असेल तर शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा १९६३ चा ग्रंथ वाचनालयातून मिळवावा. त्यातले आपल्या तालुक्यातले लेख अजून जागेवर आहेत का, एवढे पाहून यायला एक रविवार पुरतो.