कार्ड हातात, नाव गायब

मतदाराकडं फोटोचं ओळखपत्र सक्तीनं मागावं की नाही, यावर शहरात बसून भांडणाऱ्यांनी एकदा भर उन्हाळ्यात कंधार तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात रांगेला उभं राहावं. 7 मे 2024 ला मी उभा होतो. जिल्हा आमचा नांदेड, पण कंधार मोडतं लोहा विधानसभेत आणि लोहा जातं लातूर लोकसभेत. म्हणून नांदेडचं मतदान 26 एप्रिलला होऊन गेलं तरी आम्ही अकरा दिवसांनी, अजून वाढलेल्या उन्हात.

माझ्यापुढं सत्तरीची एक म्हातारी होती. ओच्यातून तिनं कॅरीबॅग काढली, गाठ दातानं सोडली. आत मतदार कार्ड, आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड आणि बँकेचं पासबुक. चारही फोटोचे.

"आजी, यादीत नाव नाही तुमचं."

"नाही कसं बाबा? ह्यो फोटू कुणाचा हाय मग?"

आत बसलेले सगळ्या पक्षांचे एजंट तिला ओळखत होते. एक जण उठून म्हणाला, "सर, आमच्याच गल्लीतली हाय ही, एक इलेक्शन चुकली नाही हिची." त्या मतदान अधिकारी सरांचंही चुकलं नव्हतं, कारण यादीत नाव नाही त्याला मत नाही, हा कायदाच आहे. पण नाव कधी काढलं, कुणाच्या सांगण्यावरून काढलं, हे त्या खोलीत एकालाही सांगता येईना. तिचा नवरा चार वर्षांमागं वारला. यादीत त्याचं नाव होतं, फोटोसकट. म्हातारीनं चारही कागद परत पिशवीत घातले, गाठ मारली आणि उन्हात चालू लागली.

फोटो मागायला माझा विरोध नाही. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी 1993 साली फोटोचं मतदार ओळखपत्र आणलं तेव्हा त्याची गरजच होती. एकाच्या नावावर दुसऱ्यानं शिक्का मारून यायचं, हे गावागावानं पाहिलेलं होतं. पण त्याच शेषन यांनी 1 जानेवारी 1995 नंतर कार्ड नाही तर निवडणूक नाही, अशी भूमिका घेतली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केली नाही. सरकारला कार्ड देता आलं नाही म्हणून माणसाचं मत मारता येत नाही. माझंही म्हणणं तेवढंच आहे, आणि तीस वर्षांनंतरही ते ओरडून सांगावं लागतं.

आज दारात ओळख पटवल्याशिवाय आत सोडत नाहीत. कार्ड नसेल तर आधार, पासबुक, जॉबकार्ड, पेन्शनचा कागद असे पर्याय आहेत. एजंटला संशय आला तर दोन रुपये भरून तो आक्षेप घेऊ शकतो. खेड्यात तोतया मतदाराला दारात पकडायला गाव पुरेसं आहे. मग पुन्हा पुन्हा 'ओळखपत्र कडक करा' ही बोंब कशासाठी? चोरी दारात होतच नाही. ती यादीत होते, आणि यादी तयार होताना तिथं ना गाव असतं, ना एजंट.

दाखले लांबचे नाहीत. उमरग्यापलीकडं कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद घ्या. 2023 च्या कर्नाटक विधानसभेआधी तिथं नावं वगळण्यासाठी 6,018 ऑनलाइन अर्ज आले. तपासले तर खरे निघाले 24. बाकीचे हजारो लोक घरात बसलेले आणि त्यांच्या नावानं अर्ज भलत्यानंच भरलेले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात 2024 च्या विधानसभेआधी उलटा प्रकार झाला. नावं घालण्यासाठी साडेसहा हजारांहून जास्त बोगस अर्ज आले आणि गुन्हा नोंदवावा लागला. तेलंगणात 2018 साली लोक कार्ड घेऊन केंद्रावर गेले आणि नावं नाहीत म्हणून परतले. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला माफी मागावी लागली. यातला कुठला गुन्हा दारात फोटो बघून थांबला असता? ज्यांची नावं गेली त्यांच्या खिशात कार्ड होतंच.

या सगळ्यात मार कुणाला बसतो ते बघा. मुखेडची लेक कंधारला नांदायला आली की माहेरच्या यादीत एक नाव, सासरच्या यादीत दुसरं. आधारवर नवऱ्याचं नाव, कार्डावर बापाचं. तिनं अर्ज केला नाही तर ती दुबार, केला तर दोन्हीकडून नाव उडायची भीती. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. 2024 ला विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला आणि गाळप सुरू करायची तारीख 15 नोव्हेंबर. घराला कुलूप असताना तपासणीला माणूस आला की 'स्थलांतरित' असा शेरा मारायला एक मिनिट लागतं. ते खोडून घ्यायला कामगाराची चार दिवसांची मजुरी जाते.

बिहारमध्ये 2025 साली मसुदा यादीतून 65 लाख नावं गेली. ती कारणांसह जाहीर करा, हे निवडणूक आयोगाला सर्वोच्च न्यायालयानं सांगावं लागलं. एवढी साधी गोष्ट न सांगता का होत नाही? सातबाराचं चावडीवाचन होतं, मग मतदारयादीचं गावापुढं वाचन का नको? वगळलेली नावं मोठ्यानं वाचा, प्रत्येक नावाचं कारण वाचा, आक्षेप कुणी घेतला तेही वाचा. कोण मेलं, कोण जितं, हे गाव जागच्या जागी सांगेल.

त्या म्हातारीचा अर्ज नंतर मी भरून दिला. वगळलेल्या माणसाला पुन्हा नमुना 6 च भरावा लागतो, म्हणजे नवीन मतदाराचा. जन्मतारखेच्या रकान्याशी मी थांबलो. तिनं पिशवीची गाठ सोडली आणि तेच चार कागद माझ्यापुढं ठेवले.